वेताळाचा प्रश्न आणि वाचकाचा फैसला
(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात पुस्तकांच्या देवघेवीत घालवली, आणि कोणत्या पुस्तकाला किती मागणी आहे हे विद्वानांना न विचारता पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या तारखांच्या कागदावरून ओळखले. तेव्हा त्यांच्या नावाने बोलताना विषयही त्या कागदाला स्मरूनच निवडावा, असे माझ्या मनाने घेतले. तो विषय म्हणजे भयकथाकार नारायण धारप. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. २००८ च्या ऑगस्टात ते निवर्तले. मधल्या काळात त्यांनी शंभरावर पुस्तके लिहिली, आणि त्यांतला फार मोठा भाग मंत्र, मांत्रिक, मृतात्मे आणि मनुष्यवस्तीत शिरकाव करून बसलेल्या अमानवी शक्ती यांनी व्यापलेला आहे. जन्मशताब्दीच्या निमित्ताने आपल्या समीक्षेच्या दप्तरात त्यांच्याविषयी काय नोंदले गेले आहे हे पाहू गेलो, तर हाती येणारे कागद थोडेच. ग्रंथालयात मात्र त्यांच्या पुस्तकांवरचा तारखांचा कागद भरून त्यावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा चिकटवावा लागत असे. समीक्षक गप्प आणि वाचक बोलका, असा हा मामला असल्यामुळे साक्षही वाचकांचीच काढणे प्राप्त आहे.

ही साक्ष कुठे मिळते, असे कोणी विचारील. ग्रंथालयाच्या अभिप्रायवहीत ती फारशी मिळत नाही, कारण तिथे मनुष्य आपले नाव आणि सभासदक्रमांक लिहितो आणि नाव लिहिताच सभ्य होतो. खरे मत पुस्तकाच्या समासात, पेन्सिलीने आणि निनावी लिहिलेले असते. पुस्तके खराब करणे हा गुन्हाच आहे आणि आमच्या ग्रंथपालांनी त्यापायी कित्येकांकडून दंड वसूल केला; तरीही सांगतो की धारपांच्या एका जुन्या, दोनदा शिवलेल्या प्रतीत एका वाचकाने “हे प्रकरण रात्री वाचू नये” असे लिहिलेले, त्याखाली दुसऱ्या अक्षरात “वाचले. काही झाले नाही.” असा जबाब, आणि त्याहीखाली तिसऱ्या, बहुधा पोक्त हाताने “दाराला मीठ टाकले होते तर तो आत आला कसा? पान मागे पाहा.” अशी हरकत मी स्वतः पाहिली आहे. पहिला भ्यालेला, दुसरा फुशारकी मारणारा; पण आजचे माझे सारे बोलणे त्या तिसऱ्याविषयी आहे. जादूच्या आणि मृतांच्या कथा वाचणारा मनुष्य भोळा असतो, असे शहाण्यासुरत्या लोकांचे मत आहे. माझे म्हणणे असे की त्याच्यासारखा कडक मुन्सफ दुसऱ्या कोणत्याही साहित्यप्रकाराला लाभलेला नाही. अशक्य ते तो पहिल्याच पानावर लेखकाला बक्षीस देऊन टाकतो, आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत त्या अशक्याचा कायदा मोडू देत नाही.

अशा कथा शहाण्यांनी झिडकाराव्यात आणि ऐकणाऱ्यांनी मात्र खिळून ऐकाव्यात, याचा एक फार जुना दाखला आपल्या नगरापासून पन्नासेक किलोमीटरांवर पैठणला आहे. गुणाढ्याची बृहत्कथा आज उपलब्ध नाही. ती कशी जन्मली आणि कशी नष्ट झाली याची हकीकत काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागराच्या आरंभीच सांगून ठेवली आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेला हा पंडित पैजेत हरून विंध्याच्या अरण्यात गेला, तिथे एका पिशाच्चाच्या तोंडून त्याने सात कथा ऐकल्या, आणि रानात शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने, पिशाच्चांच्याच भाषेत, सात वर्षे खपून त्यांचे सात लक्ष श्लोक लिहिले. दोन शिष्यांहाती तो ग्रंथ राजाकडे रवाना झाला. ग्रंथ अतोनात मोठा, भाषा नीरस पैशाची, अक्षरे रक्ताची, असे शेरे मारून राजाने तो परत पाठवला. त्याने तो वाचला होता असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. पुढे गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि जाळावे, आणि हरणे, डुकरे, रानरेडे यांनी चरणे सोडून डोळ्यांतून पाणी गाळीत ते ऐकत उभे राहावे, असा क्रम चालला.

कथेतला यापुढचा भाग मला विशेष प्रिय आहे. राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की सुके मांस खाण्यात आल्यामुळे. बल्लवांना विचारले तर त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारध्यांनी सांगितले की कोणी एक ब्राह्मण डोंगरावर पाने वाचून जाळतो आहे आणि ते ऐकणारी जनावरे चरायला जात नाहीत, म्हणून ती वाळली आहेत. तेव्हा कुठे राजा धावला. सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले होते. मृतांच्या आणि जादूच्या वाङ्मयावर प्रतिष्ठित मंडळींचे मत कसे बनते आणि कसे पालटते, हे या हकीकतीइतके चोख दुसरीकडे कोठे नोंदले गेले असेल असे मला वाटत नाही: ग्रंथाची योग्यता दरबाराला कळली ती स्वयंपाकघरातून आणि तीही पोट बिघडल्यानंतर.

त्या उरलेल्या कथाधनाला जोडूनच कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा येतात, आणि त्यांचा राजा त्रिविक्रमसेन हाही गोदातीरच्या प्रतिष्ठानचाच. एक भिक्षू रोज राजाला एक फळ देई, राजा ते न पाहता कोठीत टाकायला सांगे, आणि एके दिवशी माकडाने दात लावल्यावर फळातून रत्न निघाले. त्या उपकाराच्या ओझ्याखाली राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जाऊन शिसवीच्या झाडाला लोंबणारे प्रेत खांद्यावर घेतो, आणि प्रेतातला वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगू लागतो. इथवर सर्वांना ठाऊक आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० सालीच वेताळपंचविशी मराठीत आणली, तेव्हा आपल्या मुद्रित गद्याच्या अगदी बाल्यावस्थेतच हे प्रेत आपल्या खांद्यावर येऊन बसले आहे. पण प्रत्येक गोष्ट संपताच वेताळ जे करतो त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो श्रोत्याचे मत मागतो. ठाऊक असून सांगितले नाहीस तर मस्तकाचे तुकडे होतील, अशी धमकी घालून मागतो. आणि राजाने मौन सोडले की झाडावर परत जातो. जगातल्या कुठल्याही कथाकाराने वाचकाच्या अभिप्रायाची इतकी जबर किंमत ठरवलेली नसेल.

आणि तो कशावर मत मागतो, हे पाहा. मंदारवतीची कथा घ्या. तिच्यासाठी तीन ब्राह्मणकुमार झुरत असताना ती तापाने मरते. एकजण तिच्या राखेवर झोपडी बांधून तिथेच निजू लागतो, दुसरा तिची हाडे घेऊन गंगेला जातो, तिसरा तापसी होऊन भटकतो. या तिसऱ्याला एका घरी भोजनाचे आमंत्रण मिळते. पान वाढताना मूल रडते म्हणून घरधनीण त्याला उचलून चुलीत टाकते, तो पाहुणा घास टाकून उठतो, तेव्हा यजमान शांतपणे एक पोथी काढतो, मंत्र म्हणून राखेवर चिमूटभर धूळ टाकतो, आणि मूल होते तसे उठून बसते. पाहुणा रात्री ती पोथी चोरतो, येऊन मंदारवतीला उठवतो, आणि तिघांचे भांडण जुंपते. आता वेताळ असे विचारत नाही की मेलेली मुलगी उठेल काय. राजाच्याही मनात ती शंका येत नाही. प्रश्न एवढाच की ती बायको कोणाची. राजा फैसला देतो: मंत्राने जन्म देणारा तो बाप झाला, हाडे गंगेला नेणारा तो पुत्राचे काम करून बसला, राखेला कवटाळून जो निजला तोच नवरा. जादू करणाऱ्याला जादूचे बक्षीस मिळाले नाही. उलट जादूमुळेच तो हक्कातून बाद झाला! चमत्कार मान्य, पण त्याचा हिशेब चुकता झाला पाहिजे, हा त्या निकालाचा मथितार्थ, आणि समासात मिठाची हरकत घेणारा आमचा वाचक त्याच राजाच्या गादीवर बसलेला आहे.

आपल्या या नगरीला याची दुसरीकडूनही सवय आहे. १९४८ पूर्वी ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले त्या पिढीच्या घरांतून तिलिस्म-ए-होशरुबा या दास्तानीचे, म्हणजे जादूच्या दीर्घ कथेचे, लखनौच्या नवलकिशोर छापखान्याचे जाडजूड खंड असत. आणि दास्तानीचा नियमच असा की मायानगरी कितीही अभेद्य असली तरी तिची एक लौह, म्हणजे पाटी, कोठेतरी असलीच पाहिजे, आणि त्या पाटीवर लिहिल्याबरहुकूम जो वागेल त्यालाच ते तिलिस्म फोडता आले पाहिजे. आपली मराठी भुतेही अशीच कायद्याने बांधलेली आहेत. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा, त्याची हद्द पिंपळापुरती. बाळंतपणात गेलेली ती हडळ. जमीनजुमल्यात वासना अडकून मेला तो समंध, आणि त्याचे सारे भांडण वारसांशी. सर्वांवर अंमल वेताळाचा. या मंडळींच्या वतनाचे आणि हद्दीचे इतके बारकावे आपल्या आजीला पाठ असत की तितके एखाद्या अव्वल कारकुनाला गावचा नकाशा समोर असतानाही सांगता येऊ नयेत.

धारपांनी केले ते असे की ही हद्द त्यांनी शहरात आणली. पिंपळ, पाणवठा, गावकुसाबाहेरचा माळ ही ठाणी मागे पडली, आणि भाड्याने घेतलेला बंगला, विकत घेतलेले जुने कपाट, शेजारच्या बिऱ्हाडातला गृहस्थ, कचेरीतून घरी येण्याची नेहमीची वाट ही पुढे आली; ‘४४० चंदनवाडी’ या त्यांच्या पुस्तकाचे तर शीर्षकच पत्र टाकावे तसे पत्त्याचे आहे. समर्थ नावाच्या पुरुषाभोवती त्यांनी एक मालिकाच गुंफली: कोठेतरी अशुभाने घर धरलेले असते, संत्रस्त मनुष्य समर्थांकडे येतो, आणि समर्थ ज्ञानाच्या आणि तपाच्या बळावर त्याचा बंदोबस्त करतात. ज्या मध्यमवर्गाला भगताकडे जाण्याची लाज वाटे आणि डॉक्टरकडे सांगण्याची सोय नसे, त्याला हा सुशिक्षित, मितभाषी मुखत्यार मिळाला.

या मालिकेविषयी वाचकांत दोन तट आहेत, आणि दोघांशीही मी वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. एक तट म्हणतो, समर्थ आले की जिवात जीव येतो. दुसरा म्हणतो, समर्थ आले की जिवात जीव येतो हीच तर तक्रार! कारण ज्याच्या सामर्थ्याची सीमा वाचकाला दाखवलेली नाही, त्याच्या विजयाची वाचकाला धास्तीही वाटत नाही. पहिली शंभर पाने अंगावर काटा येतो, आणि समर्थांचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडताच तो काटा बसतो, तो पुन्हा उठत नाही. माझा कौल दुसऱ्या तटाच्या बाजूचा आहे. धारपांचे उत्तम लेखन मला समर्थकथांच्या बाहेर, जिथे सामान्य माणसाला स्वतःच्या तुटपुंज्या सामग्रीनिशी आणि कोणाच्या जामिनाशिवाय अंधाराशी सामना द्यावा लागतो, तिथे आढळते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेचा चाहता याहून वेगळा. त्याला बाहेरच्या पिशाच्चापेक्षा मनातल्याची ओढ, आणि तो धारपांच्या वाचकाला थोडा खालच्या पायरीवरचा समजतो. हा सोवळेपणा मला मान्य नाही. मतकरींची ‘खेकडा’ आणि धारपांची समर्थकथा एकाच फळीवरून एकाच सभासदाने एकाच शनिवारी नेल्याची नोंद आमच्या ग्रंथपालांच्या वहीत सापडली असती.

आता गंभीर आक्षेपाकडे वळतो. अशा कथा अंधश्रद्धा वाढवतात, हे म्हणणे ज्या महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या त्या महाराष्ट्रात हसून टाळता येण्यासारखे नाही. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत, भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हे अपराध म्हणून नोंदवलेले आहेत. आणि ती यादी वाचताना कोणत्याही भयकथेपेक्षा अधिक शहारे येतात, कारण तिथे मार खाणारा देह खरा असतो. तथापि ज्या बाईला साखळीने बांधले जाते तिला बांधणाऱ्यांना धारप वाचून ही बुद्धी झाली, असे कोणी दाखवून दिलेले नाही. भगताच्या दारी बसलेल्या मनुष्याला प्रश्न विचारण्याची मुभा नसते. वाचकाला समासात हरकत नोंदवता येते. ज्याला दाराशी टाकलेल्या मिठाचा हिशेब लेखकाकडे मागण्याची सवय लागली, तो उद्या बुवाकडेही हिशेब मागण्याचा संभव अधिक आहे, एवढे मी म्हणेन. याहून मोठा दावा मी करत नाही. कारण समर्थांच्या कथा वाचून अशा पुरुषाचा पत्ता खरोखरीच शोधू पाहणारे वाचकही असतात, आणि त्यांच्या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांची चिंता अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

शेवटचा आणि आज सर्वांत तीव्रतेने बोलला जाणारा मुद्दा उसनवारीचा. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’चे आणि ‘आजी’ ही कथा त्यांच्याच ‘ग्रॅमा’चे रूपांतर आहे, हे इंग्रजी पुस्तके सुलभ झाल्यावर पुढच्या पिढीच्या ध्यानी आले, आणि ज्या वाचकाने बाराव्या-तेराव्या वर्षी धारपांपायी दिवा लावून झोपण्याचा हट्ट धरला होता त्याला तिशीत आपली फसवणूक झाली असे वाटले. रूपांतराचा पुरस्कार करणारे म्हणतात की मराठी नाटकाचे अर्धे वैभव रूपांतराचे आहे. ते खरे, पण नाटकाच्या जाहिरातीत मूळ नाटककाराचे नाव झळकत असे. आणि धारपांची भीती मराठी झाली ती केवळ नावे बदलून झालेली नाही, हेही तितकेच खरे: अमेरिकी गावाच्या जागी आपला वाडा, माजघर आणि अंथरुणाला खिळलेली आजी आली की वाचकाच्या मनातली नात्याची भीड जागी होते, आणि आजीपासून पळून जाणे हे पाप आहे ही जाणीव भीतीत मिसळते. तेवढे धारपांचे स्वतःचे आहे.

ही वंशावळ पुढेही चालली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना रानात मित्राच्या तोंडून धारपांची ‘आजी’ ही कथा ऐकायला मिळाली, आणि त्या बीजातून वर्षानुवर्षांच्या खटाटोपाने ‘तुंबाड’ हा चित्रपट झाला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून आले. २०१८ च्या ऑक्टोबरात तो प्रथम लागला तेव्हा त्याची कमाई बेताचीच होती, २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक झाली. सातवाहनाच्या दरबाराप्रमाणे इथेही मत पालटायला अवधी लागला. आता किंगची कथा, तिचे धारपांनी केलेले रूपांतर, रूपांतराचे मित्राने केलेले तोंडी कथन, आणि त्या कथनावरून उभा राहिलेला, पण मूळ कथेशी प्रसंगाने फारसा न जुळणारा चित्रपट, यांचे परस्परांशी नाते काय लागते? वेताळाच्या अखेरच्या कथेत बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केल्यावर दोघांच्या संततीचे नाते विचारले आहे, आणि तिथे राजाला उत्तर सुचले नाही, म्हणून तो गप्प चालत राहिला.

मला मात्र या प्रकरणी गप्प राहण्याची सवलत नाही, कारण धारपांची पुस्तके आज आपल्याच नगरीतल्या साकेत प्रकाशनाकडून नव्याने निघून नव्या वाचकांच्या हाती जात आहेत. सोमदेवाने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच स्वच्छ सांगून टाकले आहे की हा बृहत्कथेचा सारसंग्रह आहे आणि मुळात नाही ते यात नाही. त्या कबुलीने त्याची कीर्ती नऊशे वर्षांत तसूभरही उणी झाली नाही. उलट मूळ ग्रंथ लुप्त झाल्यावरही गुणाढ्याचे नाव जिवंत राहिले त्यात त्या कबुलीचाही वाटा आहे. ज्या पुस्तकाचे मूळ ठाऊक आहे आणि त्यावर ते छापलेले नाही, त्याच्या पुढच्या आवृत्तीत शीर्षकपानामागे मूळ कथेचे व लेखकाचे नाव आणि साल देणारी एक ओळ यावी, आणि जमल्यास रूपांतर करताना धारपांनी काय सोडले व काय नवे घातले हे सांगणारी दोन पानांची प्रस्तावना कोणा जाणत्याकडून लिहवून घ्यावी. समासातला तो तिसरा वाचक आज हयात असला, तर दिवा लावून त्या दोन पानांचीही तपासणी करील, आणि त्याला काही हरकत आढळली तर ग्रंथालयाच्या नियमाविरुद्ध ती नोंदवूनही ठेवील.